चकवा लागतो, आणि अवसेलाच का लागतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. काका अवसेच्या रात्री रानातून निघाले, रात्रभर भरकटले, सकाळी स्वतःच्याच धुऱ्यावर सापडले. महिन्याभरात गावानं त्या गोष्टीत पांढऱ्या लुगड्यातली बाई आणून बसवली. आता घरातलेच विचारतात, चकवा खरा की काका खोटं बोलतात? काका खोटं बोलत नाहीत. चकवा लागतो. मला लागलेला आहे.

एकोणीस वर्षांचा असेन. लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव, येळवसेचा दिवस, म्हणजे अवसेला रानात जेवायचा आमच्याकडचा सण. भज्जी-आंबील झाली, दिवस मावळल्यावर कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी मारली आणि सगळे बैलगाडीत बसून घरी गेले. कोपीत, म्हणजे शेतातल्या कडब्याच्या खोपटात, आंबिलीची घागर राहिली म्हणून मी एकटा मागं फिरलो. घागर काखेत घेतली आणि निघालो. ज्वारी छातीएवढी, आभाळ भरून आलेलं, एक चांदणी नाही. पण वाट लहानपणापासूनची, त्यामुळं काळजी वाटली नाही.

थोड्या वेळानं पायाला काहीतरी लागलं. वाकून हात लावला, तर आमचीच विझलेली पेंढी. राख चांगली गरम होती. वाट चुकली म्हणून दिशा धरून पुन्हा निघालो. बऱ्याच वेळानं पुन्हा तीच पेंढी, आता कोमट. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा राख गार पडून दवानं चिकट झाली होती. तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले.

आजा नेहमी सांगायचा, "चकवा लागला की चालायचं नाही. बूड टेकायचं. उजाडलं की उठायचं." मी घागर उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिलो. तांबडं फुटलं तसं गाव दिसलं, पार माझ्या पाठीमागं. घरी गेल्यावर आज्यानं एक शब्द रागावून विचारला नाही. मला परत शेतात नेलं आणि वाकलेली ताटं दाखवली. मी रात्रभर तीन एकराच्या आत गोल गोल फिरत होतो.

पुढं कैक वर्षांनी कळलं की हे कुणीतरी मोजूनही पाहिलंय. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या सहारा वाळवंटात 'सरळ चाला' म्हणून सोडलं आणि जीपीएसवर त्यांचा माग ठेवला. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलातली माणसं गोल फिरली, आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही नव्हता. डोळे बांधलेली काही माणसं तर २० मीटर व्यासाच्या घेऱ्यात फिरत राहिली, म्हणजे आपल्या खळ्यापेक्षा फार मोठं नाही. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो, ही समजूतही त्यात टिकली नाही. तोच माणूस कधी डावीकडं, कधी उजवीकडं वळे. 'सरळ' कुठं आहे याचा शरीराचा अंदाज पावलागणिक जरा जरा ढळतो. दूरचं झाड, डोंगर, चंद्र दिसला की आपण नकळत सावरतो. काहीच दिसत नसलं की ते ढळणं साचत जातं.

यातली एक गोष्ट मला आजही हलवते. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र होता तोवर नीट चालला. चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आल्या दिशेला तोंड करून निघाला. आपल्याकडं चकवा अवसेला लागतो असं का म्हणतात, ते मला तिथं उमगलं. जुन्या माणसांनी कारण भुताचं सांगितलं असेल, पण वेळ अचूक हेरली होती.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. आयर्लंडमध्ये म्हणतात, शेतातल्या एका विशिष्ट ढेकळावर पाय पडला की ओळखीच्या शेतातूनसुद्धा बाहेर पडता येत नाही. उपाय काय, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. रशियात रानाचा धनी लेशी वाटसरूला भुलवतो. तिथंही कपडे उलटे, शिवाय पायताणं अदलाबदल करून. कोट उलटा करायला माणसाला थांबावं लागतं, हे लक्षात घ्या. माझ्या मते त्या उपायात आणि आज्याच्या बसण्यात फरक नाही.

आता त्या बाईबद्दल. गोष्टीत अशी भर कशी पडते, ते एका उदाहरणावरून बघा. स्कॉटलंडजवळ फ्लॅनन बेटांवर १९०० च्या डिसेंबरात दीपगृहाचे तीन राखणदार नाहीसे झाले, मृतदेह कधीच मिळाले नाहीत. लोक आजही सांगतात की ताटात अर्धवट जेवण होतं. ते जेवण १९१२ च्या एका कवितेतलं आहे. २६ डिसेंबरला पहिल्यांदा आत गेलेल्या सहकाऱ्यानं लिहून ठेवलंय की स्वयंपाकाची भांडी स्वच्छ घासलेली होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला पश्चिमेच्या धक्क्याकडं शंभर फुटांहून उंचावर लाटांनी केलेली मोडतोड दिसली. लाटेनं तिघांना ओढून नेलं असावं, असं त्यानं लिहिलं. पण तिघांपैकी एकाचा पावसाळी कोट आतच टांगलेला होता. एवढ्या थंडीवाऱ्यात तो तसाच बाहेर का धावला? खरं कोडं ते आहे, आणि खोट्या ताटामुळं तिकडं कुणी बघत नाही.

म्हणून काकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत आजच लिहून घ्या, शेजारी कुणी नसताना. बाई त्यांनी पाहिली, की दुसऱ्यानं सांगितली? अंगावरून जाणारा वारा कुठून होता? हातात कंदील-बॅटरी होती का? जवळचाच उजेड असला की लांबचं आणखी दिसेनासं होतं. आणि त्या रात्री आभाळ आलेलं होतं का, तेवढं विचारून मला जरूर कळवा.