पुरावा दिसत नसताना देवाच्या वचनावर पाऊल कसं टाकायचं?

तुम्ही विचारलंय: तासगावची द्राक्षबाग कर्जात आहे, बायबलमधलं यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते वचन) धरून विश्वासाने आणखी कर्ज काढावं का?

नका काढू. आधी ते वचन कोणाला दिलंय ते बघा. बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेलं ते पत्र आहे. दहाव्या ओवीत सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि पाचव्या ओवीत आज्ञा: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. सुटका दिसत नसताना रोजचं काम करत राहणं, हाच तिथला विश्वास. अकरावी ओवी तेवढी उचलली की मुदत आणि आज्ञा दोन्ही गळतात, मग महिन्याभरात काही घडलं नाही की माणूस देवावरच रुसतो. हे फार होतं.

पाऊल टाकायचंच, पण देवाने सांगितलंय तिथे. यहोशवाच्या पुस्तकात, अध्याय ३ मध्ये, इस्राएल लोक पलीकडे जाताना याजकांचे पाय पाण्याच्या कडेला टेकल्यावर यार्देन नदी थांबली, तीही कापणीच्या दिवसांत, दुथडी भरलेली. पण त्यांना तशी स्पष्ट आज्ञा होती. तुम्हाला नव्या कर्जाची आहे का?

आज्ञा आहे ती उघड आहे: प्रार्थना करा, घेतलेलं फेडा, कष्ट करा. म्हणून बँकेत जाऊन हप्ते पुन्हा बांधून मागा. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा असेल तर डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) फवारणी चुकवू नका. फवारणी म्हणजे अविश्वास नव्हे. आणि मोठा निर्णय घेण्याआधी मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्यासमोर सगळा हिशेब मांडा.