नाक चोंदलेलं असताना अनुलोम-विलोम करावं का?

करा, पण जोर लावून नको, बंद नाकातून ओढून श्वास घेतला की नुसतं डोकं जड होतं. एक नाकपुडी थोडी बंद असणं तसं नॉर्मलच आहे, काही तासांनी बाजू बदलते, त्यामुळे डावी बंद असेल तर उजव्या कुशीवर थोडा वेळ पडून बघा, बऱ्याचदा मोकळी होते. आमच्या गोव्यात पावसात भिंतींना बुरशी धरते, उशीलाही कुबट वास, त्याचीच अ‍ॅलर्जी असेल तर आधी उशी उन्हात टाका (ऊन पडलं तर!). जलनेती (मीठपाण्यानं नाक धुणं) करायची तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, अर्ध्या लिटरला साधारण पाऊण ते एक छोटा (चहाचा) चमचा मीठ, विहिरीचं कच्चं पाणी अजिबात नको. कपालभाती सर्दी उतरेपर्यंत बंदच राहूदे. कायम एकच बाजू बंद असेल तर ईएनटीला दाखवा, नाकाचं हाड वाकडं असू शकतं.