नसबंदी केल्यावर वीर्य येणं बंद होतं का? मुळात ते तयार कुठे होतं?

तुम्ही विचारलंय की बायकोची दोन सिझर झालीयत, आता ऑपरेशन तुम्हीच करून घ्यायचं ठरवताय, पण मित्र म्हणतात नस कापली की सगळं कोरडं पडतं. आणि वीर्य जर अंडकोषात तयार होत असेल तर मग वाट बंद झाल्यावर ते बाहेर येणार कुठून.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली, सिमेन अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे वीर्य तपासणीच्या, डब्या किती उघडल्या त्याचा हिशोब नाही. तर कोरडं वगैरे काही पडत नाही हो. मागे एक दादा नसबंदीनंतर तीन महिन्यांनी सॅम्पल देऊन गेले, संध्याकाळी रिपोर्ट घेतला आणि काउंटरवर भांडायलाच उभे, "निल काय लिहिलंय? मी स्वतः डबी भरून दिलीय!" आता त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही. डबीत वीर्य होतं, त्यात शुक्राणू नव्हते.

सगळा घोळ इथेच आहे, आपण वीर्य आणि शुक्राणू एकच धरून चालतो. वाटीभर वरणात फोडणीच्या मोहऱ्या किती असतात? त्या वेचून काढल्या तर वरण कमी झालेलं कळतं का कुणाला? तसंच आहे हे. अंडकोषाकडून येणारा माल एकूण वीर्याच्या २ ते ५ टक्के, बस्स. बाकी सगळं पाणी वरच्या दोन ठिकाणांहून येतं. मूत्राशयाच्या मागे दोन पिशव्या असतात, सेमिनल वेसिकल म्हणतात, साधारण दोन तृतीयांश द्रव एकट्या त्यांचा. उरलेलं बहुतेक प्रोस्टेटचं, ती अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते (म्हणूनच म्हातारपणी ती सुजली की लघवी अडते).

आता नस कुठे कापतात ते बघा. अंडकोषात शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्या कामाला शरीरापेक्षा दोन-तीन डिग्री थंड जागा लागते म्हणून तर ते बाहेर लटकवलेत. तिथून ते मागच्या बाजूला चिकटलेल्या एका गुंडाळलेल्या नळीत जातात, एपिडिडिमिस, उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरेल, आणि पोहायला ते तिथेच शिकतात. मग पुढे शुक्रवाहिनी, म्हणजेच तुमची ती 'नस'. जाड सुतळीसारखी कडक लागते हाताला, जांघेतून वर पोटात जाते, मूत्राशयाला वळसा घालून प्रोस्टेटपाशी उतरते. डॉक्टर ती कापतात अगदी खाली, अंडकोषाच्या पिशवीतच. सेमिनल वेसिकल आणि प्रोस्टेट पार वर, त्यांना या कापाकापीचा पत्ताही लागत नाही.

हे मी डोळ्यांनी बघतो म्हणून सांगतो. सेमिनल वेसिकलच्या द्रवात फ्रुक्टोज नावाची साखर असते, तिची टेस्ट असते, थोड्या वीर्यात रिसॉर्सिनॉल नावाच्या रसायनाचं द्रावण घालून ट्यूब गरम केली की नारिंगी-लाल रंग येतो. नसबंदी झालेल्याच्या सॅम्पलमध्ये शुक्राणू शून्य आणि ट्यूब मात्र झकास लाल. ताजं सॅम्पल पण तसंच येतं, आधी शिजलेल्या साबुदाण्यासारखं गुठळ्या-गुठळ्यांचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पातळ. पातळ करणारं ते एन्झाइम प्रोस्टेटचं, त्याचंच नाव पीएसए, वयस्कर पुरुषांच्या रक्तात तपासतात ना तेच.

मग तयार होणारे शुक्राणू जातात कुठे? कुठेच नाही, शरीर जिरवून टाकतं. आणि 'कमजोरी'चं म्हणाल तर टेस्टोस्टेरॉन अंडकोषातून थेट रक्तात जातं, त्याचा नसेशी संबंधच नाही, त्यामुळे दाढी, आवाज, इच्छा, ताठरता सगळं जिथल्या तिथे. ते रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो वगैरे पण सोडून द्या, हे द्रव शरीर रोज नव्याने करतं. एवढं असून आपल्याकडे हे ऑपरेशन बायकांच्याच गळ्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांपैकी स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के, खरं तर पुरुषांचं काम बिनटाक्याचं, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका. पहिली म्हणजे ऑपरेशन झालं की लगेच मोकळं रान नाही, कापलेल्या जागेच्या वर नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात ते निघून जायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग सॅम्पल तपासायचं, निल आल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आम्ही तर सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे ट्यूब यंत्रात गरागरा फिरवून, तळाचा गाळ पण बघतो. दुसरी, नस परत जोडता येते पण यशाची खात्री नसते, तेव्हा कायमचं समजूनच करा.

आणि सॅम्पल घरून आणणार असाल तर तासाभरात आणा, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून. एकाने दुधासारखं नासेल म्हणून बर्फात घालून आणलं होतं, त्याला बिचाऱ्याला परत घरी पाठवावं लागलं.