'व्हॅस्क्युलायटिस'ला मराठीत काय म्हणायचं? काहीही म्हणा, पण रक्तदोष नको

खानापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय की आईच्या पायावरच्या लालजांभळ्या ठिपक्यांची बायोप्सी (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणी) केली, रिपोर्टवर 'ल्युकोसायटोक्लास्टिक व्हॅस्क्युलायटिस' आलंय, मोबाईलवर शोधलं तर हिंदीतलं 'वाहिकाशोथ' मिळालं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात रक्तदोष आहे, तर खरा मराठी शब्द कुठला?

पुस्तकी शब्द रक्तवाहिनीदाह. 'आयटिस' आलं की मराठीत दाह लावतात, यकृतदाह, आंत्रपुच्छदाह वगैरे, हिंदीवाले शोथ लावतात. खरं सांगायचं तर दोन्ही अर्धेमुर्धेच, कारण दाह म्हटलं की आपल्याला नुसती जळजळ कळते आणि शोथ म्हणजे नुसती सूज. इथं आपल्या कन्नडनं बाजी मारलीय बघा, उरियूत! उरि म्हणजे आग, ऊत म्हणजे सूज, एका शब्दात दोन्ही बसवलं. त्यामुळं घरात सांगताना मी सरळ 'कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलीय' म्हणेन, आणि शेजारी कन्नड असले तर उरियूत आहेच.

आता ते लांबलचक पहिलं नाव. ग्रीकमधलं आहे, पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा चुरा झालाय एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे मायक्रोस्कोपखाली जे दिसलं त्याचं ते वर्णन आहे, कशामुळं झालं ते त्यात कुठंच नाही. लोक इथंच फसतात, नाव मिळालं म्हणजे निदान संपलं असं वाटतं.

रक्तदोष मात्र नकोच, कारण बिघाड वाहिनीच्या भिंतीत असतो. आपलीच प्रतिकारशक्ती कशावर तरी बिथरते, त्यातनं तयार झालेले कण त्या भिंतीत अडकतात, पांढऱ्या पेशी तिथं तुटून पडतात, भिंत फाटते आणि रक्त कातडीत झिरपतं. उभं राहिलं की पायात दाब जास्त म्हणून ठिपके बहुतेक गुडघ्याखालीच. एकदा रक्तदोष म्हटलं की माणूस रक्तशुद्धीचं काढे-चाटण सुरू करतो, वांगं बंद करतो, आणि आठवड्यापूर्वी सुरू केलेल्या गोळीचं डॉक्टरांना सांगायचं राहून जातं! ती गोळीच कारण असू शकते की ओ. पेनिसिलिन, सल्फा, अंगदुखीच्या गोळ्या ह्या यादीत आहेत आणि ठिपके साधारण ७ ते १० दिवसांनी उठतात, म्हणून संबंध लक्षात येत नाही (गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पाकीट घेऊन जा आणि दाखवा). शिवाय घशाचा संसर्ग, हिपॅटायटिस बी किंवा सी, ल्युपस (आपलीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटते असा एक आजार), आमवातासारखे आजार, क्वचित कॅन्सरसुद्धा. आणि बऱ्याच जणांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडतच नाही, तिथं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं.

रोप लावणीच्या दिवसांत हे ठिपके चिखल्या नाहीतर जळू लागली म्हणून सोडून देतात, किंवा अंगावर पित्त उठलं म्हणतात. पित्ताची गांधी खाजते, दाबली की फिकी पडते आणि एका दिवसात जागा बदलते. हे ठिपके हाताला उंचवटा लागतात आणि काचेचा पारदर्शक ग्लास वरून दाबला तरी रंग जात नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर आलेलं असतं.

लहान मुलांत सर्दी-घसा झाल्यावर हेच ठिपके, सोबत पोटात कळा आणि सांधे दुखणं असं दिसलं तर त्याचं नाव वेगळं. जुन्या फायलीत हेनॉख-शॉनलाइन पर्प्युरा दिसेल, २०१२ च्या चॅपल हिल नामावलीनंतर (व्हॅस्क्युलायटिसच्या प्रकारांना नावं ठरवणारी तज्ज्ञांची यादी) तेच आयजीए व्हॅस्क्युलायटिस झालं, आयजीए म्हणजे प्रतिकारशक्तीचंच एक प्रथिन. त्याला मराठी शब्द शोधत बसू नका, मुलाची लघवी तपासून घ्या, कारण त्यात मूत्रपिंडाला धक्का लागू शकतो आणि तो वरून दिसत नाही. आईच्या बाबतीतपण लघवीची तपासणी झालीय का तेवढं विचारून घ्या ताई.