पोटठेक्याची कामं झाली, पण दाखला कुठाय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बरीच वर्षं मी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर गटारी, सीसी रस्ते, शाळाखोल्या अशी कामं करतोय. आता सार्वजनिक बांधकाम खात्यात स्वतःची नोंदणी केली. पण जरा मोठं टेंडर उघडलं की अनुभवाची अट आडवी येते. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : काम तुम्ही केलंत हे गावाला माहीत आहे, खात्याला नाही. कर्नाटकातल्या टेंडरांत अनुभव मागतात तो मुख्य ठेकेदार म्हणून केलेल्या कामाचा. त्यामुळे जुन्या मालकाने लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र तिथे सहसा चालत नाही. एक गोष्ट मात्र वाचवता येईल. त्याला तुम्ही जीएसटीची बिलं दिली असतील आणि त्याने टीडीएस कापून भरला असेल, तर ती रक्कम तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा) दिसते. सीएकडून यूडीआयएन क्रमांकासह (दाखला खरा आहे का ते ऑनलाइन तपासता येणारा क्रमांक) दाखला घेतलात तर उलाढालीच्या अटीला ती बहुधा उपयोगी पडते. व्यवहार रोखीचा असेल तर तो विषय संपला.

आता पुढचं. लहान रकमेच्या टेंडरांत बहुतेक वेळा नोंदणीची श्रेणी आणि बयाणा रक्कम (टेंडरसोबत भरायची अनामत) एवढंच पाहतात. तिथून सुरुवात करा, पण कामांची संख्या वाढवत बसू नका. मोठ्या टेंडरांत साधारण अशी अट असते : मागच्या पाच वर्षांत अंदाजपत्रकाच्या निम्म्या रकमेचं, त्याच प्रकारचं, किमान एक काम पूर्ण केलेलं हवं. चार-चार लाखांची पाच कामं केली म्हणून वीस लाखांचा अनुभव होत नाही. तुमची पोच आठ लाखांच्या टेंडरपर्यंतच राहते. दहा लाखांचं एकच काम पुरं केलं तर वीस लाखांचं टेंडर भरता येतं, वीसवरून चाळीसचं. कामाचा प्रकारही धरून ठेवा. गटारीचा दाखला इमारतीच्या टेंडरला लागू पडत नाही.

दुसरी अडचण निविदा क्षमतेची, म्हणजे तुम्ही किती रकमेपर्यंतचं टेंडर भरू शकता याची. तिथे अनेक नवे ठेकेदार अडकतात. सूत्र असं : अ × न × १.५ − ब. ‘अ’ म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षात केलेलं काम, ‘न’ म्हणजे नव्या कामाची मुदत (वर्षांत), ‘ब’ म्हणजे त्या मुदतीत हातातल्या कामांपैकी करायचं राहिलेलं काम. समजा ‘अ’ वीस लाख, मुदत सहा महिने आणि बाकी चार लाख. २० × ०.५ × १.५ म्हणजे पंधरा, वजा चार : क्षमता अकरा लाख. त्याच हिशेबात मुदत एक वर्षाची असती तर सव्वीस लाख. म्हणजे कमी मुदतीचं मोठं काम नव्या माणसाला मिळणं अवघड. आणि ‘ब’ लपवू नका. चालू कामं खात्याला पोर्टलवरच दिसतात.

काम संपल्यावर ते पूर्ण केल्याच्या दाखल्याची घाई करा. एमबीत (खात्याच्या मोजमाप वहीत) अंतिम मोजमाप चढलं, अंतिम बिल गेलं की लगेच अर्ज द्या. अभियंत्याची बदली झाली की फाईल शोधण्यात महिने जातात. दाखल्यावर कामाचं पूर्ण नाव, करार क्रमांक, कराराची आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम, सुरू झाल्याची, ठरलेली व प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख, मुख्य बाबींची परिमाणं (काँक्रीट किती घनमीटर वगैरे) हवीत. अनेक टेंडरांत कार्यकारी अभियंत्याच्या खालचा दाखला चालत नाही. ग्रामपंचायतीचं काम असेल तर नुसत्या पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) सहीवर थांबू नका, पंचायत राज अभियांत्रिकी विभागाची प्रतिस्वाक्षरी घ्या. फर्मचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून उघड्यावरचं काम जवळजवळ थांबतंच. मुदत पावसाळ्यात शिरणार असेल तर वाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्यावा, पोच घ्यावी. नंतर दिलात तर दंड आणि दाखल्यावर ‘विलंब’ असा शेरा, दोन्ही पदरात पडतात.

दराबद्दल एवढंच : अनुभवासाठी म्हणून फार खाली जाऊन भरू नका. दर फारच कमी असेल तर खातं जादा सुरक्षा ठेव मागतं. शिवाय बिलातून आयकर टीडीएस (व्यक्तीला १ टक्का), करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटी टीडीएस २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, सुरक्षा ठेव हे कापलं जातं. खडी-वाळूचं परमिट जोडलं नाही तर रॉयल्टीही (खनिजावरचं सरकारी शुल्क) बिलातून जाते. राहिलेलं बिल कधी निघेल याचा भरवसा नाही, म्हणून स्वतःच्या पैशावर एका वेळी दोनपेक्षा जास्त कामं धरू नयेत असं आमचं मत.

प्रश्न : उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) असली की बयाणा रक्कम माफ होते ना? मी शालेय बाकं आणि कपाटं पुरवते. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कोण बनवतं त्यावर आहे. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणातल्या सवलती (बयाणा माफी त्यातलीच) सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहेत. तयार माल घेऊन विकणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. बाकं तुमच्याच वर्कशॉपमध्ये बनत असतील तर उद्यममध्ये उत्पादन म्हणूनच नोंद करा. बांधकामाच्या ठेक्यांनाही हे धोरण लागू नाही, हे खानापूरच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं.

केंद्राची कार्यालयं, म्हणजे बेळगावचं कॅन्टोन्मेंट, लष्कराची आस्थापनं, सांबऱ्याचा विमानतळ, ही जेमवरून (केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल) खरेदी करतात. राज्याची खाती केपीपीपी या कर्नाटकाच्या स्वतःच्या खरेदी पोर्टलवरून. जेमवर लहान ऑर्डर वेळेत पोहोचवली की विक्रेत्याचं रेटिंग चढतं. नाकारलेला माल आणि उशीर ते खाली आणतात, म्हणून आवाक्याबाहेरच्या जिल्ह्यांत डिलिव्हरी देऊ करू नका.

प्रश्न : चंदगड, गडहिंग्लज भागात केलेली कामं इकडे धरतात का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : महाराष्ट्रातली नोंदणी इथे चालत नाही, ती कर्नाटकात वेगळीच करावी लागते. कामाचा अनुभव मात्र टेंडरच्या अटींत ‘कर्नाटकातीलच’ असं लिहिलेलं नसेल तर मांडता येतो. मराठी दाखल्यासोबत नोटरी केलेलं इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर, कार्यादेश आणि अंतिम बिलाची प्रत जोडा. शंका असेल तर टेंडरपूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी ‘चालेल’ तपासणीच्या वेळी उपयोगाचं नसतं.