वाचक विचारतात : दर्यावर्दींची थडगी आणि चर्चमधले स्मृतिफलक

नौदल अधिकारी, कंपनी सरकारचे कप्तान आणि साधे खलाशी यांच्या स्मृतिशिळांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरे या अंकात देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये कॅप्टन हार्डिंज यांचे स्मारक आहे. लंडनच्या सेंट पॉल्समध्येही आहे असे कळले. यातली खरी कबर कोणती? (वाचक, फोर्ट, मुंबई)

दोन्हींपैकी एकही नाही. जॉर्ज निकोलस हार्डिंज हे 'सॅन फिओरेंझो' या ब्रिटिश फ्रिगेटचे, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजाचे, कप्तान. मार्च १८०८ मध्ये सिलोनजवळच्या समुद्रात 'पिएमाँतेज' या फ्रेंच फ्रिगेटशी त्यांची तीन दिवस झुंज चालली. तिसऱ्या दिवशी, ८ मार्चला, ते मारले गेले. फ्रेंच जहाज त्याच दिवशी हाती आले आणि ते कोलंबोला नेण्यात आले. लंडनचे स्मारक पार्लमेंटच्या ठरावाने झाले. मुंबईत त्यांचा दगड लागला तो या शहराचा व्यापार ज्या पाण्यावर चालत होता तिथे ते लढले म्हणून.

चर्चमध्ये शिरल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती दगडाची जागा. भिंतीवरचा फलक बहुधा निव्वळ स्मारक असतो. जमिनीत बसवलेली, पावलांनी झिजलेली लादी बहुधा कबरीवरची असते. दुसरी गोष्ट म्हणजे पहिली ओळ. 'सेक्रेड टू द मेमरी ऑफ' एवढेच असेल तर देह तिथे आहे असे समजू नये. 'हिअर लाइज', लॅटिनमध्ये 'हिक याकेत', पोर्तुगीजमध्ये 'आकी जाझ' किंवा 'सेपुल्तुरा दे' असे असेल तर दफन तिथलेच असण्याचा संभव मोठा. खात्री मात्र दफननोंदवहीनेच करायची, कारण चर्चची दुरुस्ती होते तेव्हा लाद्या हलतात. समुद्रावर मेलेल्या माणसाला झोळीच्या कापडात शिवून, पायाशी तोफगोळे बांधून पाण्यात सोडत. त्याची कबर कुठेच नसते. असते ती लॉगबुकातली, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीतली, एक ओळ.

उलट उदाहरण याच कॅथीड्रलमध्ये आहे. रिअर ॲडमिरल सर फ्रेडरिक मेटलंड यांनी १८१५ मध्ये 'बेलेरोफॉन' जहाजावर नेपोलियनची शरणागती स्वीकारली होती. ते ३० नोव्हेंबर १८३९ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'वेलस्ली' या जहाजावर वारले. त्यांचे दफन मुंबईतच झाले आणि वर्गणी काढून कॅथीड्रलमध्ये स्मारक उभारले. 'वेलस्ली' ही मुंबई गोदीतच, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली सागवानात बांधलेली, १८१५ सालीच पाण्यात उतरलेली. फलकासमोर उभे राहताना एवढे माहीत असावे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. व्हाइस ॲडमिरल चार्ल्स वॉटसन यांच्या आरमाराने १३ फेब्रुवारी १७५६ रोजी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी, १६ ऑगस्ट १७५७ ला, वॉटसन कलकत्त्यात वारले. त्यांचे थडगे तिथल्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. ॲबीतले भव्य स्मारक ईस्ट इंडिया कंपनीने करवले आणि त्यावर 'घेरिया' म्हणजे आपला विजयदुर्ग विजयांच्या यादीत कोरला. तिथे हरलेल्या बाजूविषयी काही लिहिलेले नाही. खर्च करणारा आपल्याला हवे तेच कोरतो, म्हणून फलक कोणी लावला ही ओळ, बहुतेक वेळा तळाशी बारीक अक्षरांत असते ती, आधी वाचावी. सुवर्णदुर्गाचे स्मारक तर चर्चमध्येही नाही. १७५५ मध्ये तो किल्ला घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव आजही 'सेव्हर्नड्रूग कॅसल'.

जुन्या दफनभूमीत एका लहान मुलीच्या दगडावर नांगर कोरला आहे. कुटुंब आरमारातले असेल का? (वाचक, देवळाली)

नुसत्या नांगरावरून तसे म्हणता येणार नाही. ख्रिस्ती परंपरेत नांगर हे आशेचे चिन्ह आहे आणि एकोणिसाव्या शतकात ते बायकामुलांच्या दगडांवर सर्रास कोरत. नांगराला दोरखंडाचे वेढे असतील तर मात्र थांबून पाहावे, ती ब्रिटिश ॲडमिरल्टीची, म्हणजे आरमाराच्या कचेरीची, खूण. तरी शिल्पी शोभेसाठीही दोर घालत. जास्त भरवशाच्या खुणा म्हणजे शिडे आणि जहाजांचे पिछाडे आळीपाळीने लावलेला नौदलाचा मुकुट, सेक्स्टंट (समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे उपकरण), किंवा तोफगोळे. त्याहून भरवशाची अक्षरे. नावापुढे 'आर. एन.' म्हणजे राजाचे आरमार. १८३० ते १८६३ मधल्या दगडावर 'आय. एन.' असेल तर ते कंपनीच्या बॉम्बे मरीनमधून झालेले इंडियन नेव्ही. 'एच. सी. एस.' म्हणजे कंपनीचे जहाज. 'मास्टर' हे पद व्यापारी जहाजावर कप्तानाचे, लढाऊ जहाजावर सुकाणू-मार्ग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे. दगडावर जहाजाचे नाव असेल तर हा घोळ सुटतो.

गोव्याच्या एका चर्चमध्ये जमिनीवरच्या लादीवर कवटी आणि हाडे आहेत. चाच्याची कबर असे गाइड सांगतो. (वाचक, फोंडा)

तसे नाही. कवटी आणि हाडे म्हणजे 'मरण विसरू नका' एवढेच. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीवर घराण्यांची चिन्हे असलेल्या लाद्या शेजारी शेजारी आहेत, त्या प्रतिष्ठित लोकांच्या. चाच्याला चर्चच्या जमिनीत जागा मिळत नसे.

दगडावरची मृत्युतारीख आणि जहाजाच्या लॉगबुकातली तारीख एका दिवसाने वेगळी आहे. दुसऱ्या एका दगडावर तर वर्षच चुकलेले दिसते. (वाचक, पुणे)

दोन्ही बरोबर असू शकतात. १८०५ च्या ऑक्टोबरपर्यंत ब्रिटिश आरमारात दिवस मध्यान्हीला सुरू होई आणि तो जमिनीवरच्या दिवसापेक्षा बारा तास पुढे असे. त्यामुळे ७ तारखेला दुपारी चार वाजता मेलेल्या माणसाची नोंद लॉगमध्ये ८ तारखेखाली येते, आणि घरच्यांनी दगडावर ७ कोरलेले असते. मृत्यू सकाळचा असेल तर दोन्ही तारखा जुळतात. म्हणून आधी वेळ शोधा. व्यापारी जहाजांनी ही पद्धत पुढेही काही वर्षे चालू ठेवली.

वर्षाचे कारण निराळे. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. दगडावर फेब्रुवारी १७२० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. काही दगडांवर '१७२०/२१' असे दुहेरी वर्ष असते. शिवाय पोर्तुगालने आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली, इंग्लंडने १७५२ मध्ये. म्हणून १७०० ते १७५२ या काळात एकाच दिवशी मुंबईच्या इंग्रजी नोंदीत एक तारीख आणि गोव्यात तिच्यापेक्षा अकरा दिवस पुढची असे. त्याआधी फरक दहा दिवसांचा.

वयाचाही फरक पडतो. लॅटिन 'एताटिस सुए ३२' म्हणजे बत्तिसावे चालू, पुरी झालेली वर्षे ३१.

आमच्या चर्चच्या आवारात आणि आत जुने नाविकांचे दगड आहेत. युवक मंडळाला ते स्वच्छ करून अक्षरे रंगवायची आहेत. काय वापरावे? (चर्च समिती सदस्य, रायगड जिल्हा)

रंगवणे आधी रद्द करा. रंगारी झिजलेले अक्षर अंदाजाने पुरे करतो; ३ चा ८ होतो, १ चा ७, आणि मग मूळ आकडा कायमचा जातो. ऑइलपेंटखाली दगडाचा ओलावाही अडकतो.

अक्षरे वाचायची असतील तर प्रकाश पुरतो. संध्याकाळी, किंवा काळ्या छत्रीच्या आडोशाला, साधी बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा. डावीकडून प्रकाश टाकला की उभ्या रेघा उठून दिसतात, वरून टाकला की आडव्या. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. खडू, पीठ, दाढीचा फेस दगडावर चोळू नका. खडूने ओरखडे पडतात, फेसातली रसायने छिद्रांत राहतात.

संगमरवरात शिशाची अक्षरे बसवलेली असतात, ती गळून पडली की लोक दगड वाया गेला असे समजतात. जवळून पाहा. प्रत्येक अक्षरासाठी कोरलेल्या खाचेत दोन-तीन बारीक भोके असतात; शिसे त्यांत ठोकून पकड घेई. भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. पडलेली शिशाची अक्षरे गोळा करून, नाव लिहून डबीत ठेवा.

बाहेरच्या दगडांची सफाई दिवाळीनंतर, सकाळी, दगड उन्हाने तापायच्या आत करावी. आधी चर्चच्या विश्वस्तांची लेखी परवानगी. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. मग फोटो. बोटाच्या पेराने दगडावर हलके टकटक करा. पोकळ आवाज आला तर तो थर सुटलेला आहे, तिथे हात लावू नका. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण आले तरी थांबा. बाकी ठिकाणी गोडे पाणी, दोन बादल्या, मऊ केसांचा ब्रश. काथ्याचा किंवा तारेचा ब्रश नको. पाणी खालून वर मारत जा, कारण वरून मारले तर घाण पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळते आणि डाग धरते. अक्षरांतले शेवाळ बांबूच्या काडीने काढा. दर दोन-तीन वितींवर स्वच्छ पाण्याने धुवा. बोअरचे खारे पाणी वापरू नका: समुद्रकाठच्या दगडात मीठ आधीच असते, ते सुकताना आत स्फटिक धरते आणि दगडाचा वरचा थर भुगा होऊन पडतो.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, फरशीचे ॲसिड यांतले काहीही संगमरवरावर नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाने तो विरघळतो, आणि कोरीव काम हजारो पावसांनी झिजेल तेवढे एका दुपारी झिजते. ब्लीचनेही मागे क्षार राहतात.

चर्चच्या आतल्या भिंतीवरच्या फलकाला पाणी लावूच नका. तो बहुधा लोखंडी पकडींवर टांगलेला असतो. पाणी मागे गेले की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि संगमरवर कोपऱ्यातून तडकतो. कोपऱ्याशी तपकिरी डाग किंवा केसाएवढी भेग दिसली तर ते काम दगडांचे संवर्धन करणाऱ्या जाणकाराचे. आत फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची. पितळी फलकांच्या कोरीव अक्षरांत काळा किंवा लाल मेणासारखा भर असतो. पितळ चकाकवायची पावडर लावून घासत राहिले की तो निघतो आणि पांढरा गाळ तिथे बसतो. ही फार सामान्य चूक आहे, आणि ती प्रेमानेच केली जाते.

थडग्याच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक. ओलावा सांध्यातून निघू शकत नाही, दगडातून निघतो आणि दगड फुटतो. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली बारीक वाळू हे मिश्रण वापरा, आणि आठवडाभर ओले गोणपाट टाकून सावकाश वाळू द्या.

आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, आगबोटीवर खलाशी होते. युद्धात बोट बुडाली. त्यांच्या नावाचा दगड कुठे असेल? (वाचक, संगमेश्वर)

आधी कोणते युद्ध ते ठरवा. समुद्रात हरवलेल्या ब्रिटिश नौसैनिकांची नावे पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटम इथल्या तीन नौदल स्मारकांवर आहेत. हिंदी खलाशांसाठी वेगळी सोय आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही आणि व्यापारी जहाजांवर गेलेल्यांसाठीची नामावली मुंबईत आणि चितगावातही आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे फुकट शोधता येतात.

देह किनाऱ्याला लागला असेल तर मात्र स्वतंत्र दगड असू शकतो. कमिशनचा ठरावीक दगड ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद, साडेसात जाड असतो. ओळख पटली नसेल तर नावाच्या जागी 'दुसऱ्या महायुद्धातील एक नाविक' अशा अर्थाची ओळ असते.

शोधताना नावापाशी लोक अडकतात. आडनाव बहुधा लिहिलेलेच नसते. स्वतःचे आणि वडिलांचे नाव, पुढे गाव. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे ते लिहिले. म्हणून नावाने शोधू नका, जहाजाने शोधा: बोटीचे नाव आणि बुडाल्याची तारीख टाकून त्या दिवशीच्या सर्व नोंदी काढा आणि प्रत्येकीतले वडिलांचे नाव, गाव, वय मोठ्याने वाचून पाहा. बोटीचे नाव घरात कुणालाच आठवत नसेल तर खलाशाची नोंदवही, ज्याला घरात 'नळी' किंवा 'नली' म्हणत, ती जुन्या पेटीत कागदांच्या तळाशी सापडते का ते बघा. तिच्यात प्रत्येक फेरीचे जहाज, पद आणि उतरल्याची तारीख शिक्क्यासह असते.