वॉर्डला नवीन आहेस ना, मग सलाईनचं एवढं वाच

अगं आधी ते थेंबांचं गणित पक्कं कर, 500 एमएल चार तासांत द्यायचं असेल आणि सेट 20 थेंबांचा (1 एमएलला 20 थेंब) असेल तर 500 गुणिले 20 भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. सेटचं पाकीट वाच मात्र, सगळे 20 चे नसतात. मायक्रोला, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला, 60 असतात, तिथे सोप्पंय, तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजायचं, अंदाजपंचे नको. आणि परत परत बघत राहा, कारण पेशंटने हात वाकवला की स्पीड बदलतो, वर पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरला की कुणीतरी काका "लवकर संपू दे" म्हणून नळीवरचा स्पीडचा रोलर फिरवतातच, आणि डेंग्यूत फ्लुइड जास्त झालं तर फुफ्फुसाभोवती पाणी साठून दम लागतो, तेव्हा नातेवाईकांना आधीच सांगून ठेव.

हातांचं म्हणशील तर ग्लोव्हज म्हणजे हात धुणं नाही, घालायच्या आधी अल्कोहोलचा हँड रब आणि काढल्यावर पण. रब 20 ते 30 सेकंद, साबणाने 40 ते 60. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. जुलाबाचा पेशंट असेल तर साबणच. पोर्ट (नळीवरचं इंजेक्शन द्यायचं तोंड) अल्कोहोल स्वॅबने नीट घासून वाळू दे, फुंकर मारायची नाही (हे मी अजून रोज कुणाला तरी सांगते).

कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या नळीची) जागा लाल, गरम, दुखरी वाटली की सलाईन बंद, सिनियरला हाक मार. केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) शिरेत डायरेक्ट पुश कधीच नाही, कुणीही घाई केली तरी.